ड्रॅगनच्या खजिन्यातला दागिना जुना कसा दिसेल?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीत दर रविवारी पाच जण मराठीतून डंजन्स अँड ड्रॅगन्स (पात्रं वठवून, फासे टाकून गोष्ट रचायचा खेळ) खेळतात, पाचव्या आवृत्तीचे नियम वापरून. अजून तीन-चार सेशनांनी त्यांची पात्रं खाडीकाठच्या एका म्हाताऱ्या ड्रॅगनच्या गुहेत उतरणार आहेत. गेम चालवणाऱ्याची तक्रार अशी की, "प्राचीन रत्नजडित हार, किंमत ७५० मोहरा" असं वाचून दाखवलं की खेळाडू वहीत आकडा लिहून घेतात आणि गावात पोचताच हार विकून मोकळे होतात. हातात घेऊन उलटसुलट करून बघावेत असे बारा दागिने हवे आहेत. ते कसे तयार करायचे?

सुरुवात "प्राचीन" हा शब्द खोडण्यापासून करा. आजीच्या डब्यातली पाटली जुनी आहे हे कुणी सांगावं लागत नाही. आतली कड गुळगुळीत झालेली असते, बाहेरची नक्षी अर्धी पुसलेली, एका जागी डाग (सांधा जोडायचा धातू) दिलेला आणि त्या डागाचा रंग बाकीच्या सोन्याशी जुळत नाही. दागिन्याचं वय कळतं ते तो घडल्यानंतर त्याचं काय काय झालं त्यावरून: झीज, दुरुस्ती, मोडतोड. हे तिन्ही ज्या दागिन्यात नाहीत तो काल पेढीतून आणल्यासारखाच वाटणार, मग त्याला हजार वर्षांचा म्हणा नाहीतर दहा हजार.

पण त्याआधी वजन. बहुतेकांचं गणित इथेच फसतं.

पाचव्या आवृत्तीत ५० नाण्यांचा एक पाउंड होतो, धातू कोणताही असो. म्हणजे एक मोहर साधारण ९ ग्रॅमची. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. (आज पेढीवर १० ग्रॅमलाच तोळा म्हणतात, खेळात जुनाच धरा.) मोहर पाऊण तोळ्याहून किंचित जड झाली. आता दहा तोळ्यांचा भरभक्कम हार घ्या. वजन ११६ ग्रॅम, म्हणजे त्यात सोनं जेमतेम १३ मोहरांचं. तुम्ही किंमत लावलीत ७५०. मग उरलेल्या ७३७ मोहरा कशाच्या?

खेळाडू हार विकतात कारण या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडेही नसतं. तेव्हा प्रत्येक मोठ्या दागिन्याचा हिशेब चार रकान्यांत मांडा: सोनं, खडे, घडणावळ आणि नाव. या हारासाठी सोनं १३, पन्नास मोहरांची पाच माणकं म्हणजे २५०, घडणावळ १८७ आणि नावाचे ३००. "नाव" म्हणजे तो कुणाच्या गळ्यात होता आणि आज तो कुणाला परत हवा आहे. गावातला सोनार यातलं काय मोजेल? तो मोडीचा भाव देईल. सोन्यातून घट कापेल, खड्यांचे निम्मे धरेल, घडणावळ आणि नाव त्याच्या तराजूत बसतच नाही. सव्वाशे-दीडशे मोहरा हातावर ठेवेल आणि वर चहा विचारेल. पूर्ण ७५० देणारा माणूस जगात एखादाच, आणि त्याला शोधायला पुढचं सेशन लागतं. मात्र मूळ नियमांत खडे, दागिने आणि कलावस्तू पूर्ण किमतीला विकता येतात. तुम्ही तो नियम बदलणार असाल तर गुहेत उतरायच्या आधी टेबलावर सांगून टाका, नाहीतर खेळाडूंना फसवल्यासारखं वाटेल आणि ते रास्तच आहे.

वजन हातालाही कळू द्या. दहा रुपयांचं नाणं साधारण ७.७ ग्रॅमचं असतं. अशी पंधरा नाणी रुमालात गुंडाळून गाठ मारली की झाला दहा तोळ्यांचा हार. दागिन्याचं वर्णन वाचताना ती गाठोडी खेळाडूच्या तळहातावर ठेवा. बांगड्यांसाठी मापही आपल्याकडे तयार आहे: दोन-दोन, दोन-चार, दोन-सहा. दोन-चार म्हणजे दोन इंच आणि वर चार सोळांश, आतला व्यास ५७ मिलिमीटर. "सोन्याची बांगडी" एवढ्याने काही होत नाही. "दोन-दोनची बांगडी, तुमच्यापैकी कुणाच्याच हातात जात नाही" असं सांगितलं की कुणीतरी विचारतंच, मग ही घालणारं कोण होतं?

खजिन्याच्या राशीचं आकारमान एकदा मोजून ठेवा. एक लाख सोन्याच्या मोहरा सैल ओतल्या तर सुमारे ८० लिटर होतात, म्हणजे पाण्याचे वीस लिटरवाले चार जार. सोसायटीच्या जिन्याखाली रिकाम्या जारांची रास याहून मोठी असते. वजन मात्र ९०० किलोंच्या पुढे. ड्रॅगनला चार मीटर व्यासाचं आणि फूटभर जाड अंथरूण हवं असेल, तर सोन्याच्या जवळजवळ ४८ लाख मोहरा लागतील आणि तुमच्या जगाचं अर्थकारण तिथेच आडवं होईल. तेच अंथरूण तांब्याच्या नाण्यांचं केलं तर सुमारे २२ लाख नाणी, वजन वीस टन, किंमत फक्त २२ हजार मोहरा. म्हणून खाली तांबं, हंडे-घंगाळी, मोडके दरवाजे, जहाजाचे खिळे. सोनं वरच्या थरात आणि फटींत. दागिने अशा राशीत शोधावे लागतात आणि शोधायला वेळ जातो. तो वेळ किती हे आधीच ठरवा. एका माणसाला दहा मिनिटांत एक दागिना, असा हिशेब पुरतो.

आता घडण. बारा दागिन्यांसाठी बारा कल्पना शोधत बसू नका. तीन जुने समाज ठरवा आणि प्रत्येकाला चार गोष्टी द्या: धातू, खडा, आकृती आणि अंगावरची जागा. शेवटची सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी तीच विसरली जाते. अमुक लोक दंडावर घालतात, गळा मोकळा ठेवतात, एवढं सांगितलं तरी समाज उभा राहतो.

खाडीकाठच्या तुमच्या जगासाठी एक मांडणी. सगळ्यात जुने "खाजणी" लोक: सोनं नाहीच, तांबं, शंखाच्या कापलेल्या बांगड्या आणि अकीकाचे लांब मणी, आकृती मासा आणि खेकडा, जागा मनगट आणि दंड. अकीकावर पांढऱ्या रेघा काढायची पद्धत सिंधू संस्कृतीत होती: मण्यावर क्षाराचा लेप देऊन रेघा ओढायच्या आणि मणी तापवायचा, की रेघा दगडातच पांढऱ्या होऊन बसतात. लांब मण्याला आरपार भोक पाडणं हे कित्येक दिवसांचं काम. म्हणजे खाजणी मण्यात सोनं शून्य आणि घडणावळ सगळ्यांत जास्त. मोडीच्या भावाने तो फुकट जातो, आणि हेच खेळाडूंना उशिरा कळलं पाहिजे.

त्यांच्यानंतर "कलशपुरी"चं राज्य. बावनकशी सोनं, मोती, आकृती घट आणि कमळ, जागा गळा आणि कान. यांची ओळख म्हणजे रव्याचं काम. सोन्याचे मोहरीहून बारीक गोळे पत्र्यावर बसवायचे, पण डाग दिला तर तो वितळून गोळ्यांमधल्या फटी भरतो आणि सगळं काम चिखलासारखं दिसतं. म्हणून जुने कारागीर तांब्याचा क्षार डिंकात कालवून त्याने रवे चिकटवत आणि नेमक्या आचेवर तापवत. रवा आणि पत्रा जिथे टेकतात तिथेच जोड होई. मशालीच्या उजेडात असा पत्रा चमकत नाही, मखमलीसारखा मऊ दिसतो. वर्णनात ही एक ओळ पुरते.

शेवटचे "पोतदार", समुद्रापलीकडून आलेले व्यापारी. ते स्वतः काही घडवत नाहीत. परदेशी सोन्याच्या नाण्यांना कडी लावतात आणि रेशमात गाठवून छातीवर रुळवतात. याचा नमुना आपल्या पुतळ्यांच्या माळेत आहे. व्हेनिसचं साडेतीन ग्रॅमचं सोन्याचं डुकाट इथे येत असे, त्यावर संत आणि त्याच्यासमोर गुडघे टेकलेला राज्यप्रमुख अशा आकृत्या असतात. पुढे इथल्या सोनारांनी तसेच ठसे स्वतः कोरले, आणि अक्षरं वाचता येत नसल्याने त्यांची नुसती नक्षी झाली. तुमच्या राशीतही असा हार ठेवा: पहिल्या पाच नाण्यांवरची अक्षरं वाचता येतात, पुढच्या वीसांवर नुसत्या रेघा आणि टिंबं आहेत. ही नक्कल कुठे झाली, हा खेळाडूंसाठी चांगला धागा आहे.

खरी गंमत या तिघांच्या सरमिसळीत आहे. कलशपुरीच्या राणीच्या कानातल्या झुब्यात मधोमध एक खाजणी मणी असतो, दोन्ही टोकांना सोन्याच्या टोप्या. दुरून तो शोभेचा वाटतो. जवळून बघितलं तर कळतं की मण्याला तडा गेला होता आणि टोप्या तो धरून ठेवण्यासाठी आहेत. कुणीतरी जिंकलेल्या लोकांचा फुटका मणी सोन्याने मढवून कानात घातला. का, ते तुम्ही ठरवा.

दागिन्यावर नाव कोरायचं असेल तर ठाण्याच्याच इतिहासातली एक युक्ती घ्या. उत्तर कोकणच्या शिलाहारांची राजधानी श्रीस्थानक, म्हणजे आपलं ठाणं. पण बिरुदात ते स्वतःला "तगरपुरवराधीश्वर" म्हणवत. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर, इथून कितीतरी लांब. म्हणजे लेखातलं गाव आणि राज्याचं गाव वेगळं. तुमच्या कड्यावरही असं एक नगर कोरा जिथे तो राजा कधी नांदलाच नाही. खेळाडू त्या नगरात जातील, तिथे कुणी त्या राजाचं नाव ऐकलेलं नसेल, आणि हा तुमचा घोटाळा नसून त्याचा होता हे त्यांना नंतर कळेल.

दागिने प्रत्यक्ष अंगावर कसे बसतात हे बघायचं असेल तर अंबरनाथचं शिवमंदिर ठाणे जिल्ह्यातच आहे, १०६० सालचं. बाहेरच्या भिंतींवरच्या मूर्ती फक्त कंबर आणि दंड बघत फिरा. मेखलेच्या लोंबत्या सरी मांडीवर कशा पडतात, बाजूबंद कोपराच्या किती वर आहे, एका कानात एक प्रकार आणि दुसऱ्यात दुसरा कुठे दिसतो, याचे फोटो काढून आणले तर वर्षभराची लूट निघते.

घडण झाली की मोडतोड. मोठ्या आणि मधल्या प्रत्येक दागिन्यासाठी सहा बाजूंचा फासा टाका. एक पडला तर झीज: नक्षी पुसलेली, पण फक्त एका बाजूला, कारण ती बाजू कशावर तरी घासत होती. दोन पडले तर दुरुस्ती: नंतरच्या कुणीतरी, वेगळ्या हाताने, वेगळ्या कसाच्या सोन्याने केलेली. तीन, एका दागिन्याचा दुसरा: बाजूबंदाला कड्या लावून लहान मुलाचा कमरपट्टा. चार, खडा बदललेला. कोंदण मोठं आणि खडा लहान, फटीत लाख भरलेली. पाच, जोडीतला एकच. सहा पडले तर ड्रॅगनने केलेलं नुकसान. पाच आणि सहा यांवर थोडं थांबायला हवं. जोडीतला एक सापडला की दुसरा कुठे तरी आहेच, आणि तो शक्यतो गुहेत ठेवू नका. गावातल्या एखाद्या गरीब बाईच्या कानात ठेवा.

ड्रॅगनच्या नुकसानीचं शास्त्र मात्र नीट लावा. तुमचा ड्रॅगन खाडीकाठचा, म्हणजे बहुधा दलदलीतला काळा, आणि त्याच्या तोंडातून आम्ल निघतं. मोती, पोवळं आणि शंख हे सगळं मुळात चुनखडीच्या जातीचं. आम्लापुढे टिकत नाही. सोनं टिकतं. म्हणजे या राशीत मोत्यांचा हार असा सापडेल: सोन्याची तार शाबूत, प्रत्येक मोत्याच्या दोन्ही बाजूंच्या टोप्या शाबूत, आणि मधे नुसतं अंतर. मोती नसलेला मोत्यांचा हार. टोप्यांच्या खोलगटपणावरून गेलेला मोती केवढा होता हे कळतं, मधला बोराएवढा असावा. खाजणी शंखाच्या बांगड्या उघड्यावर उरणारच नाहीत. हव्या असतील तर काचेच्या बरणीत किंवा उपड्या पडलेल्या घंगाळाखाली ठेवा, आणि तिथेच त्या का वाचल्या हे खेळाडूंना आपोआप समजेल.

आग ओकणारा लाल ड्रॅगन असता तर हिशेब निराळा. शुद्ध सोनं १०६४ अंशांना वितळतं, चांदी ९६२ ला. पण दागिना त्याच्या कितीतरी आधी मोडतो. आतली लाख शंभर अंशांच्या आतच मऊ होते, आणि डागाचं सोनं हलक्या कसाचं असल्याने मूळ सोन्याआधी सुटतं. म्हणून आगीतून गेलेला हार गोळा होऊन पडत नाही. आधी त्याचे सुटे तुकडे होतात. माणिक टिकतं, ओपल तडकतो, फिरोजाचा निळा रंग बिघडतो, ॲमेथिस्ट जांभळ्याचा पिवळट होतो, अकीक उलट आणखी लाल होतो. आणि हिरा जळतो. सुमारे ८५० अंशांच्या पुढे हवेत तो खरोखर जळून जातो, राखही उरत नाही. लाल ड्रॅगनच्या श्वासाखाली रिकामं कोंदण सापडलं तर खेळाडू चोर शोधत बसतील; बसू द्या. गारठा फुंकणाऱ्या पांढऱ्या ड्रॅगनसाठी कथिल लक्षात ठेवा. शुद्ध कथिल १३ अंशांखाली फार काळ राहिलं तर त्याची हळूहळू करडी भुकटी होते.

आता एक दागिना पुरता उघडून दाखवतो, म्हणजे वरचं सगळं एकत्र कसं बसतं ते कळेल.

एकवीस पानांची माळ. घाट कोल्हापुरी साजासारखा: सुट्या आकृत्यांची पानं, मधे मणी. लाख सोडून वजन सात तोळे: प्रत्येक पान पाव तोळ्याचं म्हणजे सव्वापाच, उरलेले पावणेदोन तोळे मण्यांचे. त्यात सोनं फक्त नऊ मोहरांचं. पानांवर मासा, शंख, कमळ, घट, होडी, खेकडा. पातळ पत्रा ठशावर ठोकून आकृती उठवलेली, मागून सपाट पत्रा डाग देऊन बसवलेला, आत लाख. पोकळ पान लाखेशिवाय बोटाने दाबलं तरी चेपतं, म्हणून ती भरतात. गाठवलेलं रेशीम आम्लाने गेलं. कड्यांच्या डागात तांबं-चांदी जास्त, आम्लाने आधी तोच खाल्ला, म्हणून कड्याही सुटल्या. त्यामुळे माळ म्हणून काही सापडतच नाही. राशीत तीन ठिकाणी मिळून एकोणीस पानं सापडतात. दोन नाहीत.

पहिल्या नजरेला एवढंच: सोन्याची नखाएवढी पानं, आत काहीतरी भरलेलं, हलकी. दहा मिनिटं दिव्याजवळ बघितलं आणि तपासाच्या वीस बाजूंच्या फाशावर १५ आले, तर: यातली तीन पानं वेगळी आहेत. पोकळ नाहीत, भरीव पत्रा कापून छिन्नीने कोरलेली, रंग जास्त लालसर. त्या तिघांत एक खेकडा आहे आणि त्याला नांग्या सोडून सहाच पाय आहेत. आठ हवेत. हे सांगून थांबा. ठाण्यात वाढलेल्या पोराला खेकड्याचे पाय मोजायला शिकवावं लागत नाही. टेबलावर कुणीतरी म्हणेलच की ज्याने हे केलं त्याने खेकडा बघितलेला नाही. बरोबर. म्हणजे माळ एकदा समुद्रापासून लांब, घाटावर कुठेतरी होती, तिथे तीन पानं हरवली, तिथल्या सोनाराने ऐकीव वर्णनावरून नवी केली, आणि मग ती पुन्हा खाडीवर आली. एवढा प्रवास तुम्ही एका वाक्यातही सांगितलेला नाही.

जाणकाराकडे गेलं, किंवा २० आले, तर: मधल्या मोठ्या पानात दोन कोंदणं आहेत, एकात माणिक, दुसऱ्यात पाचूच्या जागी हिरवी काच. काच बसवणाऱ्याने कोंदणाची कड इतकी काळजीने परत दाबली आहे की ही चोरी नसावी. कुणीतरी नड भागवण्यासाठी पाचू काढला आणि घरच्यांना कळू नये म्हणून काच बसवली. तो पाचू कुठे गहाण पडला, हा वेगळा भाग होऊ शकतो. किंमत: सोनं ९, खडे ५०, घडणावळ १९१, नाव ५००. बेरीज ७५०. सोनार तीस-पस्तीस देईल.

आणखी एक नमुना, थोडक्यात, कारण तो खराच या भागातला आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला (तेव्हा ठाणे जिल्हा, आता पालघर). आतल्या दगडी पेटीत एकात एक करंडे होते: तांबं, चांदी, दगड, स्फटिक आणि सोनं. बरोबर सोन्याची फुलं, आणि बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानले गेलेले छोटे तुकडे. बाहेरून आत जाताना धातू चढत जातो आणि सगळ्यात आत, सोन्याच्या पोटात, मातीची खापरी. हा क्रम तुमच्या राशीत एकदा जरूर वापरा. पाच डब्या पाच कुलपांच्या, प्रत्येक उघडताना खेळाडू हिऱ्याची वाट बघतात. आत खापरीच हवी, आणि ड्रॅगन सगळ्या राशीतून फक्त तेवढ्यासाठी पाठलाग करतो. आपल्याकडे धनावर नाग बसतो हे सगळ्यांना माहीत असतं. नाग नेमका कशावर बसलाय हे मात्र कुणी विचारत नाही.

बारांची विभागणी अशी करा: तीन दागिने माळेसारखे उघडून, चार मधल्या आकाराचे (दोन ओळी आणि एक खूण), उरलेले पाच एकेका ओळीचे. सगळे बारा सारख्या तपशिलाने लिहिले तर चौथ्यानंतर कुणी ऐकत नाही. मोठ्या तिघांसाठी वहीच्या पानाएवढी चिठ्ठी करा, दुमडून. वर पहिल्या नजरेचं, घडी उघडली की दहा मिनिटांचं. जाणकाराचा भाग तुमच्याकडेच ठेवा. चिठ्ठीवर किंमत लिहू नका. एकदा आकडा दिसला की बाकी काही वाचलं जात नाही.

काय बिघडतं? पैलू. जुन्या दागिन्यात आजच्यासारखा पन्नासाहून जास्त पैलूंचा हिरा नसतो. जुने हिरे जन्मतःच्या आठ बाजूंच्या स्फटिकाच्या टोकासकट, घासून चकचकीत केलेले, आणि रंगीत खडे गोलसर घुमटासारखे. फिरकी. कानातल्याला फिरकी आली की ते आजचं झालं. जुन्यात आकडा किंवा वळवलेली तार. सगळे मोती सारखे गोल. नैसर्गिक मोती तसे एका आकाराचे मिळतच नाहीत, आणि मिळाले तर ती बातमी आहे. प्रत्येक खड्याला जादू, हा आणखी एक रोग. बारांत एक जादूचा पुरे, आणि तो शक्यतो सगळ्यात कुरूप ठेवा. वजनाचा अतिरेकही टाळा. पाच किलोचा मुकुट डोक्यावर घेऊन कुणी दरबारात बसत नाही. असा सापडलाच तर तो मूर्तीचा असेल, मग तसं सांगा.

आणि एक नाजूक गोष्ट. राशीत मेलेल्या बाईचं मंगळसूत्र घालायचा मोह होतो, मराठी टेबलावर तो परिणामही लगेच करतो. पण कुणाच्या घरी नुकतं काही घडलं असेल तर तो परिणाम खेळातला राहत नाही. आधी विचारा. डोरल्याऐवजी जोडवी चालतात, किंवा वर सांगितलेली दोन-दोनची बांगडी.

लूट झाल्यावर एक पान वेगळं राखा: बारा दागिने आणि प्रत्येक आत्ता कुठे आहे. खेळाडूंनी विकला तर कुणाला, मोडला तर त्या सोन्याचं काय झालं. एकवीस पानांची माळ त्यांनी सोनाराला मोडीत दिलीच, तर रागावू नका. सोनार एकोणीसच्या एकोणीस पानं वितळवणार नाही. एखाद-दुसरं आवडलं म्हणून ठेवून देईल. तीन सेशनांनंतर त्याच गावातल्या लग्नात नवरीच्या गळ्यात एक पान लटकताना दाखवा, नवी कडी लावलेलं. खेकडा. पाय किती ते त्यांना मोजू द्या.